निर्लेखनाच्या प्रतीक्षेत जिना

जिल्ह्याच्या गावातलं कुठलंही मोठं रुग्णालय घ्यावं. मागच्या अंगाला एक जिना असतो. नकाशात त्याचं नाव ‘आपत्कालीन मार्ग’. प्रत्यक्षात तिथे मोडके पलंग, तीन चाकांचं स्ट्रेचर, पोट फाटलेल्या गाद्या आणि कुणाच्या तरी स्मरणार्थ मिळालेला, आता स्वतःच स्मरणात जमा झालेला वॉटर कूलर पायरीपायरीने मांडलेला असतो. हे सामान टाकून का देत नाहीत, हा प्रश्न फक्त नवखा माणूस विचारतो. सरकारी पलंग मोडतो, मरत मात्र नाही. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये तो ठणठणीत असतो. त्याला मुक्ती द्यायची तर निर्लेखन समिती बसावी लागते, समितीला सदस्य लागतात, सदस्यांना वेळ लागतो, आणि वेळ मिळतो तेव्हा साहेबांची बदली झालेली असते. याच रुग्णालयात माणसाच्या मृत्यूचा कागद काही तासांत मिळतो. पलंगाचा मिळायला दोन-तीन सिव्हिल सर्जन खर्ची पडतात.

अशा रुग्णालयात एके दिवशी ‘धोका मूल्यमापना’चा तक्ता येऊन धडकतो.

तक्त्याचा काही दोष नाही. कल्पना साधी आणि शहाणपणाची आहे. आपल्यावर कोणकोणती संकटं येऊ शकतात ते लिहायचं. प्रत्येकाची शक्यता किती, आलं तर नुकसान किती आणि आपली तयारी किती अपुरी, याला गुण द्यायचे. ज्याची बेरीज जड, त्याची सोय आधी करायची. मेक्सिको सिटीत 1985 च्या भूकंपात हुआरेझ रुग्णालय आतल्या रुग्ण-डॉक्टरांसकट कोसळलं. लोक जिथे जीव वाचवायला जाणार तीच इमारत आधी पडली तर काय, हा प्रश्न त्यानंतर लॅटिन अमेरिकेने फारच मनावर घेतला. पुढे तिथल्याच आरोग्य संघटनेने रुग्णालयाची सुरक्षितता मोजण्याची पद्धत बसवली आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती जगभर नेली. सुधारित आवृत्तीत 151 मुद्दे आहेत. खांब-तुळया तर आहेतच. शिवाय ऑक्सिजनचा सिलिंडर साखळीने बांधलाय का आणि पाण्याची टाकी किती दिवस पुरेल, हेही. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही 2016 मध्ये रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. थोडक्यात, कागद कमी पडलाय असं कुणी म्हणू नये.

तर समिती बसते. चहा येतो. भूकंप? “आपल्याकडे कुठे होतो?” एक गुण. किल्लारीच्या लोकांचीही 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत हीच समजूत होती. पण ते समितीवर नव्हते. पूर? “नदी लांब आहे.” एक गुण. नाला थेट इमारतीखालून जातो, पण नाल्याला तक्त्यात रकाना नाही. आग? इथे जरा शांतता पसरते. एक लिहावं तर निधी मिळत नाही आणि पाच लिहावे तर जबाबदारी येते. सर्वानुमते तीन.

या बैठकीतला खरा पाच गुणांचा धोका कुणी लिहीत नाही. तो सगळ्यांना पाठ असतो. मंत्रिमहोदयांची अचानक भेट. शक्यता पाच, नुकसान पाच, आणि तयारी बघून जपानने धडे घ्यावेत. चोवीस तासांत भिंतींना रंग लागतो, भाड्याच्या कुंड्या येतात, प्रत्येक पलंगावर पांढरी चादर दिसते, बंद लिफ्ट चालू होते, आणि वॉर्डातल्या मामा-मावशींच्या अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश चढतो. इतक्या कमी वेळात इतकी माणसं आणि इतकं सामान हलवण्याची ताकद ज्या यंत्रणेत आहे, ती आगीला तोंड देऊ शकत नाही, हे पटायला कठीण जातं. आगीने दौऱ्याचं पत्र आधी पाठवलं असतं तर प्रश्नच मिटला असता.

पण महाराष्ट्रात आगीने पत्रं पाठवली होती. एक नव्हे, एका वर्षात अनेक.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. 17 बाळं आत होती. सात बाहेर काढता आली, 10 गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. मार्चच्या अखेरीस भांडुपच्या एका मॉलला आग लागली आणि धूर वरच्या मजल्यावरच्या कोविड रुग्णालयात शिरला. मॉलमध्ये रुग्णालय आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं आश्चर्य तेव्हाच्या महापौरांनी व्यक्त केलं. मुंबईत रुग्णालय कुठे आहे हे कळायला आग लागावी लागते, हा त्या दिवसाचा नवा शोध. 21 एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात नव्या ऑक्सिजन टाकीला गळती लागली, वॉर्डातल्या नळ्यांतला दाब उतरला आणि किमान 22 रुग्ण गेले. तिथे आग नव्हती, धूर नव्हता. फक्त हवा संपली. दोनच दिवसांनी विरारच्या अतिदक्षता विभागात पहाटे आग लागून किमान 13 जण गेले. त्यानंतर आठवडा व्हायच्या आत मुंब्र्याचं एक खासगी रुग्णालय पेटलं.

आणि 6 नोव्हेंबर. भाऊबीज होती. अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला कोविड अतिदक्षता विभाग सकाळी पेटला आणि 11 रुग्ण गेले. भंडाऱ्यानंतरच्या आदेशाला तोवर दहा महिने होत आले होते.

अतिदक्षता विभागच का पेटतो, याला ग्रहदशा लागत नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के. नाकातून जोराने प्राणवायू देणारं यंत्र मिनिटाला साठ लिटरपर्यंत वायू सोडतं. त्यातला बराच खोलीत सांडतो. खिडक्या बंद, कारण एसी चालू. एसी बंद होत नाही, कारण रुग्ण कुठे जाणार? मूळ वायरिंग पंखे आणि ट्यूबलाइट डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. त्यावर आता व्हेंटिलेटर, मॉनिटर, वॉर्मर, सिरिंज पंप आणि नातेवाइकांचे मोबाइल. एका सॉकेटमधून एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डातून दुसरा बोर्ड. प्राणवायूने भिजलेली चादर वाळल्या गवतासारखी पेट घेते, आणि जळत्या फोमचा काळा धूर ज्वाळेच्या आधी माणसाला गाठतो. कलकत्त्याच्या आमरी रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 च्या पहाटे सुमारे 90 माणसं गेली, त्यातली बहुतेक धुराने गुदमरून. वाहनतळासाठी असलेल्या तळघरात जळाऊ सामानाचं गोदाम झालं होतं. शेजारच्या वस्तीतली पोरं मदतीला धावत आली, तर पहारेकऱ्यांनी त्यांना आधी हाकलून लावलं. रात्रीच्या वेळी अनोळखी माणसांना आत सोडायचं नाही, ही शिस्त त्या रुग्णालयात उत्तम पाळली जात होती.

कायदाही गप्प नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंध आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे. त्यानुसार इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. मंडळी त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. हा फॉर्म हिरव्या फायलीत असतो, फाइल कपाटात, आणि कपाट बऱ्याचदा त्या जिन्याच्या तोंडाशी. भिंतीवरच्या लाल नळकांड्यावर पुनर्भरणाची तारीख ताजी असते. ते चालवायचं कसं हे मात्र एजन्सीच्या माणसाला ठाऊक असतं, आणि तो पुढच्या जुलैत येतो.

पाण्याचा मामला आणखी सरळ. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. 29 ऑगस्ट 2017 ला परळच्या केईएम रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या वॉर्डात पाणी शिरलं आणि बालरुग्णांना उचलून वर न्यावं लागलं. चेन्नईत 2015 च्या डिसेंबरात अड्यार नदीकाठच्या एका मोठ्या रुग्णालयात पुराने विजेचीही वाट लावली आणि जनरेटरचीही. तरी जनरेटर तळघरातच बसतो. वरच्या मजल्यांवर महत्त्वाची खाती असतात ना.

हे सगळं देशात कुणालाच जमत नाही असंही नाही. भुजचं सरकारी रुग्णालय 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात जमीनदोस्त झालं. नवं बांधताना इमारतीखाली शिसं आणि रबराचे बेअरिंग बसवले. जमीन हलली तरी वरचा डोलारा तितका हलू नये, अशी रचना. म्हणजे जमतं. फक्त आधी इमारत पडावी लागते.

बाकी ठिकाणी मॉक ड्रिल होते. तारीख आठवडाभर आधी जाहीर, वेळ सकाळी साडेअकरा, कारण ओपीडी आटोपत आलेली आणि जेवण व्हायचं असतं. आवारात वाळूच्या बादलीशेजारी ट्रेमध्ये डिझेल पेटवतात. अग्निशमन दलाचा जवान नळकांड्याची पिन ओढतो, पांढरी पूड उडते, टाळ्या. ‘जखमी’ म्हणून झोपवलेला मामा हसू दाबत स्ट्रेचरवरून जातो. पुढच्या दाराने, अर्थात. मागच्या जिन्याला कुलूप असतं, कारण ते उघडं ठेवलं तर नातेवाईक भेटीची वेळ सोडून वर येतात. किल्ली कुणाकडे, यावर थोडी चर्चा होते आणि फोटो निघतात. व्हेंटिलेटरवरचा माणूस चार मजले खाली कसा आणायचा, त्याची नळी कोण धरणार, श्वास देणारी अंबू बॅग कोण दाबत राहणार, हे ड्रिलमध्ये येत नाही. तो खरा रुग्ण आहे. त्याला कशाला त्रास?

खरी परीक्षा रात्री होते, आणि रात्री वॉर्डात समिती नसते. सिस्टर असते. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाचे दरवाजे लावून घेतले, 20 गरोदर बायकांना पँट्रीत हलवलं आणि दिवे मालवले. त्या रात्रीचा कसलाही तक्ता त्यांच्या हातात नव्हता. पुढे त्यांनी त्या अतिरेक्यांतल्या कसाबला ओळखलं, न्यायालयात साक्ष दिली, आणि 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर हे सांगितलं. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं.

पण बाई वॉर्ड वाचवू शकते, असं एकदा दिसलं की वॉर्ड न वाचल्याचा हिशेबही बाईकडेच मागता येतो, ही शासकीय गणिताची गंमत. भंडाऱ्यात गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर. अहमदनगरला अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. वायरिंग, स्प्रिंकलर, मंजुरीची वाट पाहणारी अंदाजपत्रकं यांना अटक करता येत नाही. त्यांना हात नसतात, बेड्या कुठे घालणार?

म्हणून आता नाइट ड्यूटीच्या सिस्टरांनी आपलं स्वतःचं मूल्यमापन सुरू केलंय. रात्री दोनच्या सुमारास, बाळं झोपली की, एक जण मोबाइलचा उजेड घेऊन त्या जिन्यावर जाऊन येते. पायऱ्या मोजते. कुलपाची किल्ली कुठल्या खिळ्याला आहे ते बघून येते. सकाळी चार्ज देताना सलाइनच्या बाटल्या, इंजेक्शनं, तापाची बाळं सांगून झाली की रिपोर्ट बुक मिटवून शेवटचं वाक्य तोंडी सांगते:

“दुसऱ्या वळणावर पलंगाचा पाय बाहेर आलाय गं, डावीकडून जा. बाळ उजव्या हातावर घे.”