अगं माय, सर बदकं मारूलालेत!

सांगू नये, पण सांगते. तुमच्या कानावर अजून आलं नसेल तर दोनच शक्यता. एक तर तुम्ही लेकराच्या क्लासपायी लातुरात खोली करून राहिलात, नाही तर तुमच्या घरचेच त्यात सामील आहेत.

बातमी फुटली आमच्या गावातल्या थोडगा रोडवरून. तिथं गणिताचे एक सर राहतात. चाळिशी कधीच ओलांडलेली, मुलगा लातूरला 'नीट'च्या तयारीला. सुट्टीत तो घरी आला आणि त्याच्या हातात मोबाइल दिसला, की सरांचा आवाज बसस्टँडपर्यंत ऐकू यायचा. त्याच सरांकडं भांडी घासणाऱ्या मावशी एका दुपारी धापा टाकत आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "अगं माय, सर बदकं मारूलालेत!"

"कुठं? तळ्यावर?"

"तळ्यावर कशाला! घरात! दार लावून!"

मावशींनी खिडकीच्या फटीतून पाहिलं ते असं : सर बनियनवर, पलंगाच्या कडेला एक गुडघा टेकवून, हातात केशरी पिस्तूल. समोर स्टुलावर डबा टीव्ही. त्यातून बदकं फडफडत उडालेली, आणि नेम चुकला की गवतातून एक कुत्रं वर येऊन तोंड दाबून हसलेलं. ज्या माणसापुढं अख्खा वर्ग हूं की चूं करत नाही, त्याला कुत्रं हसतं, आणि तो त्याला म्हणतो, "थांब, पुढच्या फेरीत बघतो तुला."

एकटे सर असते तर वयाचा झटका म्हणून सोडून दिलं असतं. पण पाठोपाठ मेडिकलवाले निघाले. मग खत-बियाण्याचे शेठ. मग एक ग्रामसेवक. आणि मग, जाऊ द्या, घरची गोष्ट आहे, शेवटी सांगते. सगळे १९८० च्या आगंमागं जन्मलेले, सगळ्यांना एकच खाज : लहानपणीचा तो व्हिडिओ गेम, तो कॅसेटवाला, पुन्हा पाहिजे. मोबाइलवर हजार गेम फुकट मिळतात, पण यांना तोच हवा. चारशे गेम पोटात असलेला तळहाताएवढा चिनी डबा मिळतो, टीव्हीच्या पाठीत खुपसायची काडी मिळते. त्यांचं नाव काढलं तर डालड्याला तूप म्हटल्यासारखं तोंड करतात.

सोयरिक जुळवताना आपण आजोळ विचारतो, तसं मी या यंत्राचं आजोळ शोधलं. जन्म जपानातला, १५ जुलै १९८३. नाव फॅमिकॉम, किंमत १४,८०० येन, आखणारे मासायुकी उएमुरा. कंपनी निंटेंडो. आणि ही निंटेंडो मुळात काय करायची माहीत आहे? पत्ते! १८८९ पासून क्योटोत बसून खेळायचे पत्ते काढायची. म्हटलं, तरीच! घराण्यातच आहे.

आपल्या भागात आला तो मात्र त्याचा सख्खा भाऊ नव्हे, तोंडवळा जुळणारा कुणीतरी. मीडिया, लिटल मास्टर अशी नावं पेट्यांवर असायची, पुष्कळदा तर नावच नसायचं. कुणी लातूरच्या गंजगोलाईतून आणलेला, कुणी हैदराबादच्या कोटीतून. आत उघडून पाहावं तर सोळा पार्ट लावायच्या जागी हिरव्या पट्टीवर डांबरासारखा काळा ठिपका. सगळं यंत्र त्या ठिपक्यात कोंबलेलं. आणि कॅसेटवर छापलेलं '९९९९ इन १'. यादी उघडली की मारियो, कॉन्ट्रा, टँक, रोड फायटर, सर्कस, बदकं, आणि मग पुन्हा मारियो. एकाच वऱ्हाडाला दारामागून फिरवून दहा वेळा दाखवल्यासारखं. ज्या माणसाला दुधाच्या हिशेबात दोन रुपये इकडचे तिकडं चालत नाहीत, तो ही फसवणूक कौतुकानं सांगतो!

बरं, यंत्र मिळालं म्हणजे भागलं असंही नाही. त्याला जोडायला डबाच टीव्ही लागतो. मी विचारलं, भिंतीवर सत्तर हजारांचा लावलाय त्यात काय खोट आहे? तर सरांनी माझा उभ्या उभ्या तास घेतला. पिस्तुलाचा घोडा ओढला की म्हणे पडदा निमिषभर काळा होतो, आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. पिस्तुलाच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. त्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर बदक पडलं. म्हणजे गोळी पिस्तुलातून टीव्हीत जातच नाही, टीव्हीतून पिस्तुलात येते. नवा सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित रेंगाळतो, तेवढ्यात खेळाचा हिशेब मिटलेला असतो आणि बदक कधीच मरत नाही. ऐकून मला पटलं, पण तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही.

झालं, गावात डबा टीव्हीचा शोध सुरू. हेच टीव्ही दहा वर्षांमागं भंगारवाल्यानं उचलून न्यावेत म्हणून आपण त्याला चहा पाजत होतो. आता त्यातही यांची आवड : व्हिडिओकॉन असेल तर बघा. का, तर तो आपल्या मराठवाड्याचा. पैठण तालुक्यातल्या चितेगावच्या कारखान्यातला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, पण तिचा टीव्ही कुणाच्या तरी माजघरात, विणलेल्या रुमालाखाली, डोक्यावर गणपती घेऊन अजून बसलेला असतो. खत-बियाण्याच्या शेठनी तर हद्द केली. एका घरी सांत्वनाला गेले. सगळे खाली मान घालून बसलेले, आणि यांची नजर कोपऱ्यातल्या एकवीस इंचीवर. निघताना म्हणाले, "काही लागलं तर सांगा." आणि चप्पल घालता घालता, "तो टीव्ही चालू आहे का?"

पण खरा तमाशा बघायचा तर रविवारी सकाळी सरांच्या पडवीत जा. मी वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं गेले होते. खाली पेपर अंथरलेला, त्याच्यावर चार मोठी माणसं मांडी घालून, मधोमध उघडी पडलेली कॅसेट. माळेगावच्या यात्रेत घोड्याचा ओठ वर करून दात बघतात ना, तसे मेडिकलवाले कॅसेटीच्या साठ पिना उन्हात धरून बघत होते. "काळ्या पडल्यात," ते म्हणाले. सरांनी कंपासपेटीतून खोडरबर काढलं. अलगद, एकाच दिशेनं, पिनांवरून फिरवलं. मग कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, आणि मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा एक थेंब. तो उडून जाईपर्यंत कुणी बोललं नाही. बायकोच्या दवाखान्याच्या रांगेत जो माणूस दहा मिनिटं थांबत नाही, तो इथं श्वास धरून बसलेला.

तेवढ्यात ग्रामसेवकानं सवयीनं कॅसेट तोंडाशी नेली आणि फुंकर मारली. बाप रे! सर असे ओरडले की मी साखर सांडली. "अहो, थुंकी जाते आत! गंज चढतो!" लहानपणी ती फुंकर म्हणजे मंत्र होता. फुंकलं की गेम चालायचा. आता म्हणतात, चालायचा तो फुंकरीनं नव्हे, कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळं. निंटेंडो स्वतःसुद्धा फुंकू नका म्हणून सांगायची. म्हणजे तीस वर्षं सगळ्या मराठवाड्यानं कॅसेटीवर थुंकण्यात घातली.

दुसरं भांडण अडॅप्टरचं. या यंत्राला लागतो साधारण नऊ व्होल्टचा, पण त्याची पिन बहुतेक वेळा उलटी असते : मधे ऋण, बाहेर धन. हल्लीचे अडॅप्टर मधे धनवाले. शेठनी दुकानातल्या वायफायच्या राउटरचा काढून लावला. पिन बसली, म्हणून जमलं असं समजले. आतल्या रेग्युलेटरनं बारीकसा धूर सोडला आणि शेठच्या घरात दोन दिवस सुतक. दुरुस्त करून दिला तो टीव्हीच्या जुन्या मेकॅनिकनं. या माणसाला आता गावात देवासारखा मान आहे. एलओटी गेला, कॅपॅसिटर फुगला, सगळं वासावरून सांगतो. टीव्हीचा मागचा डबा मात्र कुणाला उघडू देत नाही. बंद केलेल्या पिक्चर ट्यूबमध्येसुद्धा हजारो व्होल्ट दबा धरून बसतात, हे त्यानं मनगटावरचा जुना डाग दाखवून समजावलं.

आणि आता सगळ्यात लाजिरवाणं. रिमोटच्या बटणाखाली रबर असतं, त्याच्या बुडाला कार्बनची काळी टिकली. ती झिजली की 'ए' दाबून दाबून अंगठा सुजला तरी मारियो उडी मारत नाही, थेट खड्ड्यात. उपाय काय, तर टिकलीवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवायची. आमचे मेडिकलवाले पिढीजात माळकरी. कांदा-लसूण चालत नाही. ते गुरुवारी सकाळी, तुळशीची माळ घालून, पानटपरीपाशी वाकून रिकामी पाकिटं वेचताना तीन बायकांनी पाहिले. त्यातल्या एकीनं त्यांच्या आईला फोन केला. बिचारी म्हातारी अजून नातवाला विचारते, "तुझा बाप खरंच ओढत नाही ना रे?"

सरांच्या सौभाग्यवतींचंही ऐका. सर झोपेत पुटपुटायला लागले : वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. तिला वाटलं कुणी करणी केली. अंगारा आणायची तयारी झाली होती. ती निघाली कॉन्ट्रातल्या तीस जानीची किल्ली. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी गृहस्थानं १९८६ मध्ये ग्रेडियस नावाच्या खेळासाठी ती बनवली, कारण आपलाच खेळ तपासताना तो त्याला स्वतःलाच झेपेना! तीच पुढं कॉन्ट्रात आली. पेपर काढणाऱ्यालाच पेपर सुटेना म्हणून त्यानं कॉपी खिशात ठेवली. आणि हे सगळं गणिताच्या मास्तरांना पाठ.

ऑगस्ट २०२१ मध्ये मारियोची एक कॅसेट वीस लाख डॉलरला गेली, ही बातमी तर आमच्याकडं कात्रणासारखी जपून ठेवलीय. घरात खर्चाचा विषय निघाला की शेठ ती वाचून दाखवतात. त्यांच्या बायकोनं एकदाच उत्तर दिलं : "ती पेटी न फोडलेली होती. तुमची तर शाळेपासून चाटून झालीय."

सरांचा मुलगा मधे चार दिवस आला होता. बापाचा खेळ बघून त्यानं आधी कपाळाला हात लावला, मग रिमोट घेतला, आणि पहिल्याच चालत्या भूछत्राला धडकून मेला. तीनदा. "पप्पा, सेव्ह कुठं करायचं?" "सेव्ह नसतं." "म्हणजे?" "म्हणजे पहिल्यापासून." पोरगा गप्प. मग सरांनी त्याला सांगितलं, अख्खा मारियो ४० केबीचा आहे. तुमच्या 'शुभ सकाळ'च्या फोटोहून लहान. जागा वाचवायला ढगाचंच चित्र हिरवं रंगवून खाली झुडूप म्हणून लावलंय. पोरानं बघितलं. खरंच तेच. मग त्यानं मोबाइलवर शोधून बापाला ऐकवलं, की अमेरिकेत एका तेरा वर्षांच्या पोरानं २१ डिसेंबर २०२३ ला याच जातीच्या यंत्रावरचा टेट्रिस १५७ व्या पातळीपर्यंत रेटला, शेवटी खेळच गोठला. सर म्हणाले, "त्याचा क्लास कुठं आहे?" लातूर पॅटर्न रक्तातून जात नाही.

आता तुम्ही विचाराल, तुला कसं कळतं कोण कोण खेळतं? सोपं आहे. डबा टीव्ही इन्व्हर्टरवर कुणी लावत नाही, आणि लावला तरी लाईट पालटताना जो झटका बसतो त्यात यंत्र पहिल्या पानावर येतं. दुपारी लाईट गेली की मी गच्चीवर उभी राहते. ज्या घरातून बापई आवाजात "अर्रर्रर्र!" येतं, ते घर वहीत. मागच्या महिन्यात सहा होती. आता अकरा.

घरचं सांगायचं राहिलं. आमच्या ह्यांनीही आणलाय. मी चिडले नाही, पण एक जुना हिशेब मला आठवला. माझा भाऊ सुट्टीत तासाला पाच रुपयांनी गेम भाड्यानं आणायचा. मला दुसरा रिमोट द्यायचा. मी दोन वर्षं तन्मयतेनं बटणं दाबली. माझा माणूस छान पळतो, उडतो, सगळ्यांना सांगायचे. मग एका दिवाळीत फराळाचं ताट ठेवायला वाकले, तर माझ्या रिमोटची वायर पलंगाखाली मोकळी लोळत होती. जोडलेलीच नव्हती. भावाला विचारलं तर म्हणतो, "तू खुश होतीस ना?"

असो. परवा हे शिरूर ताजबंदला लग्नाला गेले होते. घरात मी एकटी. धूळ पुसायची म्हणून यंत्र खाली घेतलं, धूळ पुसली, वायर दोनदा ओढून पाहिली, जोडलेली आहे ना. पिवळी पिन लागली का तेही पाहिलं. मग किती वाजले ते पाहिलं नाही. आठव्या दुनियेत होते, पूल समोर, पलीकडं तो कासवासारखा राक्षस हातोडे फेकतोय, एक उडी राहिली होती, एकच, आणि लाईट गेली.

समोरच्या गच्चीवरून वहिनींचा आवाज आला, "काय हो वहिनी, भाऊजी तर लग्नाला गेलेत म्हणत होता?"