दोन सिम, एकच टॉवर

एकाच फोनमध्ये दोन कंपन्यांची सिम ठेवणं हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त विमा होता. घरात एकाची रेंज, शेतात दुसऱ्याची. घाट चढताना पहिल्याने मान टाकली की वळणापलीकडे दुसरं जागं व्हायचं. एसटीचे कंडक्टर, औषध कंपन्यांचे एमआर, लग्न जमवणारे मध्यस्थ, जिल्हा परिषदेचे भावी उमेदवार, थोडक्यात ज्यांचं पोट फोन लागण्यावर, ते सगळे दोन सिमवाले. अशा कित्येक खिशांत एक सिम आयडियाचं आणि दुसरं व्होडाफोनचं असे. 31 ऑगस्ट 2018 ला या दोन कंपन्या विलीन झाल्या. पुढच्या दोन वर्षांत त्यांची नेटवर्कंही एक झाली. तेव्हापासून या खिशांतली रेंज जाते ती दोन्ही सिमची, एकाच क्षणी, कवायतीतल्यासारखी. वार्षिक अहवालात याला सिनर्जी म्हणतात.

ही सिनर्जी, म्हणजे खर्चातली बचत, वर्षाला सुमारे 14 हजार कोटी रुपयांची असेल, असं 20 मार्च 2017 ला विलीनीकरण जाहीर करतानाच सांगितलं होतं. अर्थात लगेच नव्हे, चौथ्या वर्षापर्यंत. तारीख लक्षात घ्या. जिओ बाजारात उतरून सहा महिने झाले होते, आणि सगळा देश फुकटचा डेटा 31 मार्चपर्यंत संपवायच्या मागे होता. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या दोन कंपन्यांना अचानक एकमेकींबद्दल आपुलकी वाटू लागली ती अशी.

विलीन झाल्या दिवशी आकडा जाहीर झाला, 40 कोटी 80 लाख ग्राहक, देशात पहिला नंबर. पण हे ग्राहक म्हणजे सिम. आपला दोन सिमवाला त्यात दोनदा मोजलेला. माणूस एक, हजेऱ्या दोन. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. 2011 साली शाळांची पटपडताळणी झाली तेव्हा असे पुष्कळ विद्यार्थी एकदम अंतर्धान पावले होते. इथेही तेच झालं, फक्त पडताळणी कंपनीने स्वतःच केली. नोव्हेंबर 2018 च्या सुमारास नियम आला की इनकमिंग चालू ठेवायचं असेल तर 28 दिवसांना किमान 35 रुपयांचं रिचार्ज मारा. नियम स्पर्धकानेही आणला, त्यामुळे पळून जायला फारशी जागा नव्हती. 'लाइफटाइम' प्लॅनच्या पुण्याईवर फुकट जगणारं दुसरं सिम आता हप्ता मागू लागलं. टॉवर एकच, मग हप्ते दोन कशाला? लोकांनी सिम काढून फेकलं. ज्यांना टॉवरही पटला नाही त्यांनी पोर्ट मारलं. 40 कोटी 80 लाखांचे आता जेमतेम 20 कोटी उरले आहेत. कंपनी अर्धी झाली असं म्हणवत नाही, पहिल्याच दिवशी ती किती होती हेच कुणी नीट मोजलं नव्हतं.

जाता जाता त्या 28 दिवसांविषयी. 28 दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा रिचार्ज बसतात. कंपन्या आणि कालनिर्णय यांचं एकमत फक्त फेब्रुवारीत होतं, तेही लीप वर्ष नसेल तर. शेवटी दूरसंचार नियामक 'ट्राय'ला जानेवारी 2022 मध्ये आदेश काढावा लागला की निदान एक तरी प्लॅन 30 दिवसांचा ठेवा. महिना तीस दिवसांचा असावा यासाठी नियामक लागतो, एवढी आपली प्रगती.

आता मुद्द्यावर, म्हणजे टॉवरखाली. बचत येते कुठून ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. टॉवर बहुतेक वेळा मोबाइल कंपनीच्या मालकीचा नसतोच. 2007 साली भारती, व्होडाफोन आणि आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स काढली. लोखंडी सांगाडा तिचा. त्यावर अँटेना टांगणाऱ्या कंपन्या म्हणजे भाडेकरू. भाडं, वीज, भारनियमनात जळणारं डिझेल, सगळ्याचं बिल भाडेकरूंच्या नावावर. माळावरच्या एकाच सांगाड्यावर आयडियाची एक अँटेना, व्होडाफोनची एक, आणि दोघांची दोन भाडी. विलीन झाल्यावर त्यातल्या एकाने जागा सोडायची. त्यात वाईट काही नाही. सांगाडा तोच असेल तर रेंज जिथपर्यंत जात होती तिथपर्यंत जाते, फक्त दोघांची गर्दी एका अँटेनावर येते. ती पेलायची तर दोघांचे स्पेक्ट्रमही तिथे एकत्र आणावे लागतात. ते होईपर्यंत ग्राहकाने धीर धरायचा असतो. धीरालाही 28 दिवसांची व्हॅलिडिटी असते, ही बाब वेगळी.

खरी गोम दोन सांगाडे वेगवेगळे असतात तिथे आहे. एक ओढ्याच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. मुख्यालयातल्या नकाशावर दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले, म्हणजे एक जास्तीचा. तो खोडायचा. ओढा, टेकडी आणि मधली वस्ती नकाशावर आली तरी भाड्याच्या तक्त्यात येत नाही. ज्यांची घरं खोडलेल्या ठिपक्याच्या आसपास, त्यांच्या फोनवर रेंजची एकच कांडी उरते आणि तीही पाहुण्यासारखी. व्याही बोलत असतानाच आवाज तुटतो आणि सोयरिकीत गैरसमज होतात, त्याचा समावेश 14 हजार कोटींत नाही.

उलट बाजू सांगायलाच हवी. स्पेक्ट्रमची बेरीज झाल्यामुळे टॉवरच्या जवळ राहणाऱ्यांचा वेग खरोखर वाढला. 2020 मध्ये कंपनीने देशातलं सर्वांत वेगवान 4जी आमचं अशा जाहिराती केल्या आणि त्यांना वेग मोजणाऱ्या ऊकलाच्या आकड्यांचा आधार होता. पण वेग आणि पोच या दोन वेगळ्या चिजा आहेत. 900 मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतून आत येते. 2300 ची लहर दमदार, पण दारातूनच परतते. मधल्या काळात 3जी बंद करून त्याचा स्पेक्ट्रम 4जीकडे वळवला गेला, तेव्हा जुना फोन वापरणारे आजोबा-आजी थेट 2जीत परत गेले. तर हिशेब असा की शहरातल्या नातवाचा सिनेमा लवकर उतरू लागला आणि गावाकडच्या आजीचा आवाज येईनासा झाला. सरासरी काढली तर नेटवर्क सुधारलं.

जाहिरातींची आठवण निघाली म्हणून. हचच्या काळात तो छोटा पग जिथे जाल तिथे मागे मागे यायचा, नेटवर्कही तसंच येईल असा त्याचा भावार्थ. तेच हच पुढे व्होडाफोन झालं. आयडियाकडे अभिषेक बच्चन होता आणि तो एका कल्पनेने तुमचं आयुष्य बदलणार होता. विलीनीकरणात या दोन्ही आश्वासनांचीही बेरीज व्हायला हवी होती. पग कुठल्या वळणावर चुकला कुणास ठाऊक. आयुष्य बदललं हे मात्र मान्य.

नावं बदलण्याच्या बाबतीत या कंपन्यांचा हात कुणी धरणार नाही. मुंबईकराने 1995 साली घेतलेला नंबर तोच ठेवला असेल तर तो मॅक्सटच, ऑरेंज, हच, व्होडाफोन करत 7 सप्टेंबर 2020 ला 'व्ही'पर्यंत पोचला. उर्वरित महाराष्ट्रात बिर्लांनी अमेरिकेच्या एटी अँड टीला घेऊन सुरुवात केली, मग टाटा आले आणि तिघांच्या आद्याक्षरांवरून लोकांनी तिला बटाटा म्हणायला सुरुवात केली. 2002 मध्ये तिची आयडिया झाली. उर्वरित महाराष्ट्र म्हणायचं कारण असं की दूरसंचार खात्याच्या नकाशात मुंबई पहिल्या परवान्यापासूनच महाराष्ट्रापासून वेगळी आहे. यावर मोर्चा निघाल्याचं कुणाला आठवत नाही. आणि गोवा? 1967 च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला होता. दूरसंचारवाल्यांनी कौल घेतलाच नाही, गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये टाकून मोकळे झाले. मधमाशांच्या पोळ्यात हात न घालता विलीनीकरण करायचं ते असं.

आपलं सरकार या मोठ्या विलीनीकरणात काय करत होतं? पावती फाडत होतं. 2018 च्या जुलैत अंतिम मंजुरीआधी दूरसंचार खात्याने रोख आणि बँक हमी मिळून सात हजार कोटींहून अधिक मागितले, कंपन्यांनी कुरकुरत भरले. बाजारातला हिस्सा आणि स्पेक्ट्रमची मर्यादा यांचे नियम होते. पण ओढ्यापलीकडच्या वस्तीचं काय, हे विचारणारं कलम कुठे दिसलं नाही. याच व्होडाफोनने पुढे ब्रिटनमध्ये थ्री नावाच्या कंपनीशी हेच केलं, 31 मे 2025 ला. तिथल्या स्पर्धा नियामकाने परवानगी देताना 8 वर्षांत नेटवर्क सुधारायला अब्जावधी पौंड घाला, हे कायद्याने बांधून घेतलं, आणि काही प्लॅनचे दर तीन वर्षं वाढवायचे नाहीत हेही. टॉवर कमी होणार, तर पैसे उरलेल्या टॉवरवर लावा, इतका साधा व्यवहार. आपण पैसे घेतले, तेही सरकारी तिजोरीत.

तिजोरीचं पोट तेवढ्याने भरलं नाही. 24 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या एकूण महसुलावर शुल्क मोजण्याचा सरकारचा हिशेब उचलून धरला. खात्याने व्होडाफोन आयडियाकडे 58 हजार कोटींच्या वर मागणी काढली. जुलै ते सप्टेंबर 2019 या एका तिमाहीत कंपनीने 50,921 कोटींचा तोटा दाखवला. ही रक्कम लिहिताना शून्यं पुन्हा मोजावी लागतात. ज्याच्या डोक्यावर इतकं देणं, तो ओढ्यापलीकडे टॉवर कशाला उभारेल? इतरांचं 5जी ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालं. या कंपनीचं मुंबईत यायला मार्च 2025 उजाडलं. ग्राहक गेले म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून टॉवर नाहीत, टॉवर नाहीत म्हणून ग्राहक गेले. या तीन वाक्यांपैकी कुठलंही आधी ठेवा, अर्थ बदलत नाही.

आता कुठली कंपनी कुठे पोचते हे ग्राहकाला आधीच कळावं म्हणून ट्रायने 2024 च्या नियमांत प्रत्येक कंपनीला आपल्या कव्हरेजचा नकाशा संकेतस्थळावर टाकायला लावलं आहे. पाऊल चांगलं. नकाशा उघडा, तालुकाभर रंग. फक्त तो रंग अंगणातला आहे की माजघरातला, हे त्यात सांगता येत नाही. शिवाय ज्याला नकाशाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याकडे तो उघडायला नेट नसतं.

त्यापेक्षा जुना उपाय बरा होता. 2015 मध्ये ट्रायने फर्मान काढलं की कॉल मध्येच तुटला तर ग्राहकाला एक रुपया भरपाई, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या एवढ्या हादरल्या की थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि 11 मे 2016 ला ते फर्मान रद्द झालं. दरम्यान या विलीन कंपनीची थकबाकी वसूल होईना, तेव्हा सरकारने पैशांच्या बदल्यात शेअर घ्यायला सुरुवात केली. 2023 मध्ये 16,133 कोटींचे, 2025 मध्ये आणखी 36,950 कोटींचे. सरकारचा वाटा झाला 48.99 टक्के. 51 झाले असते तर ती सरकारी कंपनी ठरली असती आणि रेंज नसल्याबद्दल लोकांनी मंत्र्यांना विचारलं असतं, म्हणून काटा नेमका तिथे थांबवला असावा. तो एक रुपयाचा नियम आज हयात असता तर रोजच्या तीन रुपयांतले 1 रुपया 47 पैसे सरकारच्या खिशातून गेले असते, म्हणजे पुन्हा आपल्याच. रद्द झाला ते एका परीने बरंच झालं.