मंजुरीची मुदत

बेमस्टरचे सरोवर पवनचक्क्यांच्या बळावर १६१२ साली कोरडे करून दाखविण्यात ज्याचा हात होता, त्या यान लेघवाटर नामक डच कारागिराने हार्लेमचे अजस्र सरोवर १६० पवनचक्क्यांनी उपसण्याची सविस्तर तजवीज १६४१ साली ग्रंथरूपाने सत्ताधीशांपुढे मांडली, तेव्हा त्या ग्रंथाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. निघाला नाही तो केवळ हुकूम. ग्रंथकर्ता १६५० मध्ये निवर्तला. सरोवर मात्र कोणाकडे अर्ज न करता आणि कोणाची मंजुरी न घेता, काठची जमीन गिळीत आपला विस्तार करीत राहिले. पुढे १८३६ च्या वादळांत त्याचे पाणी ॲमस्टरडॅम व लायडन या नगरांच्या वेशींशी जातीने हजर झाले, तेव्हा दोन शतके पुरी होण्याच्या आतच सरकारास त्या मसलतीतील शहाणपण उमगले; आणि ज्या तीन बाष्पयंत्रगृहांनी १८५२ साली ते सरोवर रिते केले, त्यांतील एकास कृतज्ञतापूर्वक लेघवाटरचे नाव देण्यात आले. तात्पर्य, राजाश्रयेच्छु कल्पकांनी एक तर दीर्घायुषी असावे, नाही तर आपला अर्ज पाण्याच्याच हस्ते पाठवावा. दरबारी दाखल होण्यास त्याला वशिला लागत नाही.