सतवासचं विश्रामगृह : उन्हाळ्याची पूर्वतयारी

सतवास देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नर्मदेच्या खोऱ्यात आहे. हे आधी सांगावं लागतं, कारण इंदूरहून निघालेला पाहुणा डोक्यात माळवा घेऊन येतो. माळव्याच्या रात्री थंड असतात ही ख्याती खरी, पण ती पठाराची. धनतालाबचा घाट उतरला की पठार वर राहतं आणि ख्यातीही वरच राहते. घाटापर्यंत ‘शबे-मालवा’वर बोलणारा प्रवासी कन्नोदनंतर फक्त पाण्याबद्दल बोलतो.

अशा गावातल्या सरकारी विश्रामगृहाच्या तयारीचा मुहूर्त तापमान ठरवत नाही, 31 मार्च ठरवतो. आर्थिक वर्ष संपत आलं की पडदे, बादल्या आणि रंगाचे डबे लगबगीने येतात. माणसं मात्र येत नाहीत. त्या सुमारास गहू काढणीला आलेला असतो, मागोमाग मोहाची फुलं वेचायची असतात, आणि मग तेंदूपत्ता. त्यामुळे छताला चुना फासण्याचं काम चौकीदाराकडे येतं. पांढरं छत ऊन परतवतं, हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे. अट एवढीच, की चुना छतावर जास्त आणि चौकीदारावर कमी लागावा.

जुन्या बांधणीच्या डाक बंगल्याला खरं तर फार तयारी लागत नाही. जाड भिंती, उंच छत, चहूबाजूंनी व्हरांडा आणि छताजवळ रोशनदान, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. रोशनदान उघडायला दोरी असते. दर वर्षीच्या ऑइलपेंटने ते चौकटीला कायमचं चिकटलेलं असल्यामुळे दोरी टॉवेल वाळवायला वापरतात.

मुख्य काम कूलरचं. रंगपंचमी झाली की तो कोठीतून बाहेर निघतो. आत कधी पाल, कधी मागच्या वर्षीची चप्पल सापडते. खाऱ्या पाण्याचे थर खरवडायचे, पंपात तेल घालायचं, जुनं गवत काढून नवं भरायचं. जमलं तर वाळ्याच्या ताट्या लावायच्या. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून साधारण 580 किलोकॅलरी उष्णता जाते. हवेत ओलावा 20 टक्क्यांच्या आसपास असेल, तर 42 अंशांची हवा चांगल्या कूलरमधून 28 अंशांच्या आसपास बाहेर पडते. मात्र त्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर ओली हवा खोलीतच साचते. शहरातला पाहुणा एसीच्या सवयीने सगळी दारं-खिडक्या गच्च लावतो आणि तासाभरात गादी दमट झाल्याची तक्रार करतो. “साहब, खिडकी खोलिए,” चौकीदार सांगतो. “गरम हवा आत येईल,” पाहुणा शास्त्रीय उत्तर देतो. मध्यरात्री चौकीदार हळूच खिडकी उघडतो, पहाटे पाहुणा ती लावतो. टाकीतलं पाणी आठवड्याला बदलावं हा नियम डासांमुळे आहे; अंड्यापासून डास उडायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, आणि ते वेळापत्रक पाळण्यात डास खात्यापेक्षा काटेकोर असतात.

वीज गेली की हे सारं शास्त्र थांबतं. मग माठ उपयोगी पडतो. ओल्या वाळूवर, व्हरांड्याच्या सावलीत, वारा लागेल असा तो ठेवतात. दुपारच्या जेवणात दाल-बाफले असतील तर थंडाव्याचा प्रश्नच उरत नाही. तुपात बुडवलेले चार बाफले पोटात गेलेल्या माणसाला कूलर चालू आहे की बंद, हे संध्याकाळपर्यंत कळत नाही.

पाहुण्यांमध्ये दौऱ्यावरचे साहेब सर्वांत खर्चिक, कारण ते येणार म्हणून तयारी होते आणि पुष्कळदा ते येत नाहीत. लग्नसराईत अक्षय्य तृतीयेला वऱ्हाड आलं, तर एका खोलीत बारा जण झोपतात आणि कूलरपुढची जागा नवरदेवाच्या मामाला मिळते. सर्वांत सोपे परिक्रमावासी. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने समुद्र गाठून उत्तर तटाने परतणाऱ्यांत मराठी माणसं पुष्कळ. “नर्मदे हर” म्हणत ती गावात येतात आणि कुठल्याही ओसरीवर पथारी टाकतात. कुणी त्यांना विश्रामगृहाची खोली देऊ केली तर ते नको म्हणतात, आणि व्हरांडा हीच इथली सर्वांत गार जागा असल्याने त्यांचं बरोबर ठरतं.

25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नौतपा सुरू होतो. या नऊ दिवसांत तयारी करायची नसते, केलेली टिकवायची असते. कौलारू भागाची शाकारणी मात्र याच दिवसांत उरकून घ्यावी लागते, कारण वानरांनी वर्षभर हलवलेली कौलं पाऊस बरोबर शोधून काढतो. जूनच्या मध्यावर तो आला की हवेतला ओलावा वाढतो आणि कूलर नुसता वारा घालू लागतो. मग टाकी रिकामी करून, गवत फेकून, त्याला पुन्हा कोठीत नेतात.