मेसेंजरवाले सर

डेस्कटॉप संगणकावर कोणता मेसेंजर टाकावा, हा प्रश्न कुणी विचारलेला नसताना अंगावर घेणारा आणि आयुष्यभर सुटू न देणारा गृहस्थ म्हणजे मेसेंजरवाले सर. लातूर आणि नांदेड या दोन शहरांत ते मुबलक आढळतात. लातुरात त्यांचा मुक्काम ट्यूशन एरियातल्या एखाद्या क्लासच्या ऑफिसात असतो, नांदेडात श्यामनगर-भाग्यनगरकडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, आणि दोन्हीकडे झेरॉक्सच्या दुकानात आतल्या टेबलावर. सर म्हणवून घ्यायला ते मास्तर असावे लागत नाहीत. २००१ मध्ये एमएस-सीआयटी आली आणि ज्याने ज्याला माउस धरायला शिकवला, तो त्याचा तहहयात सर झाला. त्यांच्या संगणकाची खूण अशी, की बटण दाबल्यावर चहा मागवून, येऊन, पिऊन होतो, तरी तो पुरता सुरू झालेला नसतो. घड्याळाशेजारी सात-आठ चिन्हे एकामागून एक उगवत असतात. ती सगळी मेसेंजरची असतात.

या वल्लीचे मुख्य लक्षण मात्र संगणकात नाही, फोनमध्ये आहे. नवा मेसेंजर टाकला की सर ओळखीच्या प्रत्येकाला एकच मजकूर पाठवतात : 'टेस्ट मेसेज'. पाठवून झाल्यावर खुर्चीला पाठ टेकतात आणि त्याच माणसाला फोन लावतात.

"पोचलं का?"

"काय पोचलं का?"

"मेसेज टाकू लालो की मघापासून. पीसीवर बघा."

"पीसी घरी हाय वो सर. मी मोंढ्यात हाय."

"मग घरी गेल्यावर बघा. मी नऊला फोन करतो."

आणि नऊला फोन येतो. समोरच्याने जेवणावरून उठावे, संगणक चालू करावा, खिडकी उघडावी आणि 'टेस्ट मेसेज' हे दोन शब्द मोठ्याने वाचून दाखवावेत, एवढीच सरांची माफक अपेक्षा असते. फोन करावा लागू नये म्हणून मेसेंजर निघाला, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. सांगितले असते, तर ते सांगणाऱ्याला पोचले की नाही, हे विचारायला त्यांनी फोन केला असता.

लक्षणाचा उगम सायबर कॅफेच्या काळात सापडतो. याहू मेसेंजर मार्च १९९८ मध्ये याहू पेजर या नावाने निघाला. आयसीक्यू त्याच्या आधी १९९६ मध्ये, एमएसएन मेसेंजर नंतर १९९९ मध्ये. रेडिफचा 'बोल' हा आपला मुंबईकडचा. लातूर-नांदेडात ही मंडळी आली ती २००० नंतर, प्लायवूडच्या खोप्यांत, पडद्याआड आणि तासाच्या भाड्याने. सरांनी चारही टाकले होते, कारण चौघांचे एकमेकांशी बोलणे नव्हते. याहूवाल्याचा निरोप रेडिफवाल्याला जात नसे. पुढे २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टने आपापसांत दार उघडले, तेव्हा सरांना घरातली वाटणी मिटल्याचा आनंद झाला. याहूत 'बझ' नावाचे बटण होते. ते दाबले की समोरच्याची खिडकी थरथरे. सर निरोप पाठवत, बझ मारत, पुन्हा बझ मारत, आणि बाहेर कॉइन बॉक्सवर जाऊन विचारत, "पोचलं का? हललं का?" त्या दिवसांत या प्रश्नात तथ्य होते, हे नोंदवले पाहिजे. भारनियमनाच्या मराठवाड्यात निरोप लिहायला घेताना असलेली वीज तो पोचेपर्यंत राहीलच, असा भरवसा महावितरणलाही नव्हता.

त्यानंतरचा कालखंड ऑफिसचा. इथे सरांना आयपी मेसेंजर भेटला. एका जपानी प्रोग्रामरने १९९६ मध्ये लिहिलेले हे एवढेसे मोफत सॉफ्टवेअर. त्याला इंटरनेट लागत नाही, सर्व्हर लागत नाही, खाते उघडावे लागत नाही; एकाच लॅनवरचे संगणक एकमेकांना दिसतात आणि निरोप थेट जातो. डेस्कटॉपच्या मेसेंजरांत सर्वांत गुणी आणि सर्वांत कमी मिरवलेले कोणते, तर हेच. त्यात बंद पाकीट पाठवायची सोय आहे : समोरच्याने पाकीट फोडले की पाठवणाऱ्याला तशी सूचना येते. म्हणजे सरांचा प्रश्न यंत्रानेच कायमचा निकालात काढला होता. सरांनी पाकीट पाठवले. फोडल्याची सूचना आली. ती त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचली आणि पार्टिशनवरून हाक मारली, "मॅडम, पोचलं का?" मॅडमचे टेबल चार फुटांवर होते.

निवडीची त्यांची पद्धत कडक आहे. मोंढ्यातला अडत्या सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून ओल पाहतो, तसे सर प्रत्येक नव्या मेसेंजरला चावून पाहतात. पहिला चावा मराठीचा. सरांचा सगळा जुना मजकूर श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेला असतो. हे जुने फाँट युनिकोड नव्हेत. आत इंग्रजी वर्णांचे संकेत असतात आणि वरून मराठीचे सोंग असते. कागदावर सोंग वठते. मेसेंजरच्या खिडकीत ते उघडे पडते, आणि 'पालकांना कळविण्यात येते की' याचे इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांचे कडबोळे होते. यात मेसेंजरचा काडीचा दोष नसतो. सर तरीही त्याला नापास करतात. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे हा खरा उपाय, आणि तो त्यांना ठाऊकही आहे; पण तो केला तर नापास कुणाला करायचे?

दुसरा चावा फाइलचा. फोटो म्हणून पाठवलेली मार्कमेमो व्हॉट्सॲप आकाराने कमी करते, मग छापताना आसनक्रमांकातला आठ की तीन ते कळत नाही; तीच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली की जशीच्या तशी जाते. झेरॉक्सच्या दुकानात रोज शंभर माणसांना हे सांगावे लागते, आणि इथे सरांचा उपयोग निर्विवाद आहे. तिसरा चावा सर्वांत खोल : संगणकावरचा मेसेंजर स्वतःच्या पायावर उभा आहे का? जानेवारी २०१५ मध्ये व्हॉट्सॲप वेब निघाले, तेव्हा ते फक्त क्रोममध्ये चाले आणि फोन चालू व नेटवर असल्याशिवाय हलत नसे. सरांनी ते तत्त्वावर नाकारले. "हे डेस्कटॉपचं कसं? ही तर मोबाइलची सावली हाय," हे त्यांचे मत बरीच वर्षे टिकले आणि ते चुकीचेही नव्हते. २०२१ पासून फोन बंद असला तरी जोडलेला संगणक चालू लागला, चार उपकरणे जोडता येऊ लागली. अट एवढीच, की फोन चौदा दिवस उघडलाच नाही तर जोडण्या सुटतात. सर धोका पत्करत नाहीत. ते तेराव्यालाच उघडून ठेवतात.

व्हॉट्सॲपच्या टिकांबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे. एक टिक म्हणजे निघाले, दोन टिका म्हणजे पोचले, आणि नोव्हेंबर २०१४ पासून निळ्या टिका म्हणजे वाचलेसुद्धा. 'पोचलं का' या प्रश्नाला इतके तपशीलवार उत्तर याआधी कोणत्याही टपालखात्याने दिले नव्हते. त्या वर्षी अनेकांना वाटले, की आता सरांचे फोन बंद होणार. ते वाढले. "निळं झालंय इकडं," सर काळजीने म्हणू लागले, "पण पोचलं का?"

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणावरून देशभर काहूर उठले आणि सरांना कंठ फुटला. त्यांनी सिग्नल टाकले, गल्लीला टाकायला लावले, आणि गोपनीयतेवर व्याख्याने दिली. व्याख्यान चालू असताना त्यांच्या डाउनलोड फोल्डरमध्ये निम्म्या तालुक्याची आधारकार्डे, सातबारे आणि जातीचे दाखले नावानिशी पडून होते. त्याआधीच्या चार वर्षांत दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आलेले आणि कुणीही न पुसलेले. सिग्नलच्या यादीत शेवटी तीन नावे उरली, त्यांतले एक सरांचाच दुसरा नंबर होते. टेलिग्राम त्यांना आवडले, कारण ते संगणकावर जुन्या सगळ्या गप्पांसह उघडते आणि दोन जीबीची फाइल नेते. क्लासच्या नोट्ससाठी पोरेही तिथेच गेली. त्याच्या साध्या गप्पांना टोकापासून टोकापर्यंतचे कुलूप नसते, हे सर सांगतात, पण हळू आवाजात. एनआयसीचे 'संदेस' देशप्रेमापोटी टाकले. २०२५ च्या शरदात झोहोच्या 'अरट्टै'चा बोलबाला झाला, तेव्हा त्याच रात्री शंभरेक जणांना 'टेस्ट मेसेज' गेला. फोन दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाले. दुपारी जेवणाची सुटी झाली.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. सरांच्या संगणकावरून बाहेर पडायला तितकेच रस्ते होते. पुढे एकेक बंद होत गेला. एमएसएनने २०१३ मध्ये बहुतेक जगातून गाशा गुंडाळला. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला गेला, आपला हाइक जानेवारी २०२१ मध्ये, आयसीक्यू २६ जून २०२४ ला, स्काइप ५ मे २०२५ ला. या तारखा सरांना घरातल्या तिथींसारख्या पाठ आहेत. याहूने जाताना जुन्या गप्पा उतरवून घ्यायला मुदत दिली होती. ती संधी घेणारा ओळखीत एकटा माणूस निघाला, तो म्हणजे सर. उतरवलेल्या गप्पांच्या सीडीवर लिहिलेय 'याहू, संपूर्ण'. आत आहे, 'टेस्ट मेसेज. टेस्ट मेसेज. बझ. बझ.' आणि अधूनमधून, पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचे, 'हो बाबा, जेवलो.'

मुलगा आता हैदराबादला किंवा त्याहून लांब असतो. वडिलांनी टाकलेल्या प्रत्येक मेसेंजरवर त्याचे खाते आहे. तेही वडिलांनीच उघडून दिलेले. सर संध्याकाळी डेस्कटॉपवरून दोन परिच्छेद पाठवतात : पाऊस, तुरीचा भाव, आईची शुगर. उलट एक अंगठा येतो. सरांच्या वडिलांनी सातबाऱ्यावर अंगठा उठवला होता, तो लिहिता येत नव्हते म्हणून. इंजिनिअर नातवाने अंगठा उठवला, तेव्हा सरांनी तो बराच वेळ पाहिला आणि फोन लावला. "पोचलं का?" "अंगठा दिला की बाबा." "तो दिसला," सर म्हणाले. पुढे काय विचारायचे ते त्यांना सुचले नाही.

सरांची थट्टा इथवर रास्त आहे. पुढची गोष्ट नाइलाजाने सांगावी लागते. क्लासवाले पालकांना निरोप पाठवतात तो बहुधा व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीने. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने क्लासचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला तो निरोप मिळतच नाही. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर मात्र निरोप गेलेला दिसतो. मुखेड, देगलूर, किनवट, जळकोटकडून पोरे नीट-सीईटीसाठी लातूर-नांदेडात येऊन राहतात. त्यांच्या वडिलांपैकी कित्येकांनी नंबर सेव्ह केलेला नसतो, काहींकडे बटणांचाच फोन असतो. प्रवेशफेरीचे पसंतीक्रम भरायचा उद्या शेवटचा दिवस, असा निरोप जुलैतल्या संध्याकाळी सुटतो. काउंटरवरची पोरगी 'सेंड' दाबून घरी जाते. सर रजिस्टर काढतात. पट्टी ठेवून एकेका ओळीवर येतात आणि नंबर फिरवतात.

"पोचलं का?"

"कोन बोलू लालाव?" पलीकडे कोळपणीवरून आलेला बाप.

"क्लासमधून. लेकराचा फॉर्म उद्या संध्याकाळपर्यंत भरायचा हाय. मेसेज टाकलाय."

"मेसेज कुठला वो सर. बरं झालं सांगितलाव."

रजिस्टरवर लाल पेनाने टिक होते. निळी नव्हे. रात्री साडेदहापर्यंत हे चालते, आणि त्याचे वेगळे पैसे क्लास देत नाही. इतक्या वर्षांत सरांचे कितीतरी मेसेंजर बंद पडले आणि त्यांच्या फोनमुळे एकही फॉर्म राहिला नाही, या दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत.

निवडीपुरते सांगायचे तर प्रश्न सरांनी केला तेवढा अवघड नाही. ज्यांच्याशी बोलायचे ते ज्या मेसेंजरवर आहेत, तोच टाकावा. इथे तो सध्या व्हॉट्सॲप आहे. एकाच इमारतीत काम असेल तर आयपी मेसेंजर, मोठ्या नोट्स असतील तर टेलिग्राम. दुसऱ्याच्या संगणकावर आपले खाते उघडले असेल, तर फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन ते बंद करावे. आणि सरांचा फोन आला तर तो पहिल्याच वेळी उचलावा. उचलला नाही तर ते स्वतः येतात, आणि येताना पेनड्राइव्हमध्ये नवा मेसेंजर घेऊन येतात.