गुरांचा डॉक्टर निवडण्याची भिलाई पद्धत

भिलाई हे तपासून घेणाऱ्यांचे गाव आहे. 1959 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इस्पात कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, तेव्हापासून इथल्या पिढ्या लोखंड तपासण्यात मुरल्या. रेल्वेचा 260 मीटर लांबीचा रूळ इथून बाहेर पडण्याआधी त्याच्या पोटात ध्वनिलहरी सोडून केसाएवढी भेगही शोधली जाते. तोच कामगार सुटीच्या दिवशी पावर हाउसच्या बाजारात भेंडीचे टोक मोडून बघतो, आणि मुलाच्या शिकवणीसाठी चार क्लास पालथे घालतो. इतकी चिकित्सा करून माणूस थकणार नाही तर काय? म्हणून निदान एका बाबतीत आम्ही डोक्याला पूर्ण विश्रांती दिली आहे, आणि तिचे कौतुक व्हायला हवे. गुरांचा डॉक्टर आम्ही निवडत नाही. तो आपोआप निवडला जातो.

पद्धत सोपी आहे. म्हशीने चारा टाकला की खटालवाला, म्हणजे गोठ्याचा मालक, फोन लावतो, आणि जो आधी उचलेल तो डॉक्टर. मोटरसायकलला अडकवलेली पिशवी, पिशवीत सिरिंज आणि अर्धवट वापरलेल्या बाटल्या, एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ पंधरा मिनिटांत दारात उभा असतो. त्याचे शिक्षण कोणी विचारत नाही, आणि ते योग्यच आहे. अडचणीला धावून आलेल्या माणसाला कोणी कागद मागतो का? खटालवाला त्याला अदबीने ‘डॉक्टर साहब’ म्हणतो, आणि पुढची आज्ञा स्वतःच देतो: ‘सूजी लगा दो.’ पदवी विद्यापीठाने द्यावी की गिऱ्हाइकाने, या वादात लोकशाहीने आपला कौल दिलेला आहे.

कायद्याचे मत थोडे वेगळे आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा 1984 चा कायदा 30 व्या कलमात म्हणतो की गुरांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावेत. पदविका घेतलेल्यांना राज्य सरकार किरकोळ उपचारांची मुभा देऊ शकते, तीही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. थोडक्यात, डॉक्टरला एक क्रमांक असतो आणि तो आपण विचारू शकतो. पण क्रमांकांचे आमचे समाधान दुसरीकडे झालेले आहे. लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांना आवर घालण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर 12 आकडी ओळख. म्हशीचा क्रमांक सांगता येतो. तिच्या शिरेत सुई घालणाऱ्याचा येत नाही. दोघांपैकी एकाची नोंद झाली हेही काही कमी नाही.

आता निष्पक्षपणे तुलना करू. नोंदणीकृत डॉक्टर आला की प्रश्न सुरू होतात. व्याली केव्हा? चारा बदलला का? शेण कसे पडते? मग तो शेपटीखाली थर्मामीटर लावतो, डाव्या कुशीवर हात ठेवून पोटाची हालचाल मोजत उभा राहतो आणि एवढ्यात दूध काढायची वेळ टळते. कधी कधी तर तो म्हणतो, ‘आज इंजेक्शनची गरज नाही, दोन दिवस पेंड बंद करा,’ आणि या एका वाक्याचे पैसे मागतो! सुईवाला असला अपमान करत नाही. तो एक प्रतिजैविक, एक तापाचे आणि एक लाल रंगाचे टॉनिक अशी तीन इंजेक्शने देतो. तिन्ही डोळ्यांना दिसतात, रिकाम्या बाटल्या मोजता येतात, आणि पैसे कशाचे दिले ते शेजाऱ्यालाही कळते. रोगाचे निदान मात्र डोळ्यांना दिसत नाही. मग त्यासाठी कोणी खिशात हात का घालावा?

त्याच्या कौशल्याची खरी शान दिसते ती म्हैस बसल्यावर. नुकते व्यालेले जनावर पडून राहिले आणि उठेना, म्हणजे बहुधा रक्तातले कॅल्शियम उतरलेले असते. पुस्तकात याला दुग्धज्वर म्हणतात, आणि या ज्वरात अंग चक्क थंड पडते, यावरून पुस्तकांवर किती विसंबायचे ते कळावे. कॅल्शियम शिरेतून द्यायचे, पण अगदी हळू, हृदयाचे ठोके ऐकत. घाई केली तर हृदयच थांबते. एवढा वेळ शहरात कोणाला आहे? आमच्याकडे बाटली जितक्या लवकर रिकामी होईल तितका डॉक्टर वाकबगार. म्हैस उठली तर त्याचा हातगुण. नाही उठली तर तिची तेवढीच दोरी होती. प्रत्येक निकालात आरोपी निर्दोष सुटतो असे न्यायालय आपल्या जिल्ह्यात आहे, याची नोंद विधी महाविद्यालयांनी घ्यायला हवी.

पर्यावरणातही या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे. वेदना कमी करणारे डायक्लोफिनॅक अंगात असताना मेलेले जनावर गिधाडाने खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. दीड दशकात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली, तेव्हा 2006 मध्ये केंद्राने या औषधाचे गुरांसाठीचे उत्पादन थांबवले. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या. 2015 मध्ये माणसांची कुपीही 3 मिलिलिटरची करून टाकली, जेणेकरून म्हशीला ती पुरू नये. धोरण आखणाऱ्यांनी आमच्या चिकाटीचा अंदाज घेतला नव्हता. म्हशीच्या वजनाला अशा पाच-सहा कुप्या फोडाव्या लागतात. सेवाभावी माणूस त्या एकामागून एक फोडतो. मेलॉक्सिकॅम हेच काम गिधाडाला न मारता करते, पण आकाशात गिधाडच उरले नसेल तर ही सावधगिरी कोणासाठी बाळगायची?

आणि धैर्य! पिसाळलेला कुत्रा चावलेल्या म्हशीला काही आठवड्यांनी गिळता येईनासे होते, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागतात. नोंदणीकृत डॉक्टर हे लांबूनच पाहतो, हातमोजे चढवतो आणि कुत्र्याची चौकशी करतो. आपला माणूस ‘घशात काहीतरी अडकले’ असे ठरवून कोपरापर्यंत हात आत घालतो, आणि मालकाचा मुलगा जबडा धरून ठेवतो. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही, म्हणून पुढे सगळ्यांना लसीच्या रांगेत उभे राहावे लागते. हल्ली कुटुंबे अशी एकत्र येतात कुठे?

कोणी म्हणेल, जवळपास चांगली सोय नसेल म्हणून हे होते. हा आरोप मला मान्य नाही. सोय आहे, आणि म्हणूनच आमची निवड स्वेच्छेची ठरते. दुर्ग ओलांडून राजनांदगावच्या रस्त्याला लागले की अंजोरा येते. तिथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्याचे रुग्णालय आहे, आणि 2012 पासून अख्खे कामधेनू विश्वविद्यालय आहे, ज्याला आता दाऊ श्री वासुदेव चंद्राकरांचे नाव आहे. पावर हाउसहून वीस-पंचवीस किलोमीटर. छोटा हत्ती भाड्याने घेतला तर म्हैस तासाभरात प्राध्यापकांपुढे उभी राहील. पण तज्ज्ञाला किरकोळ कामासाठी त्रास देऊ नये हा आमच्याकडचा शिष्टाचार. आधी सुईवाला, मग औषधाच्या दुकानातला काउंटरवरचा पोऱ्या, मग शेजारच्या आजोबांचा काढा, मग तापल्या सळईचा डाग, मग नवस. या सगळ्यांचा हात फिरून झाला, जनावराचे डोळे आत गेले, की अंजोऱ्याची वाट धरायची. तिथे ते मेले की परत येताना खात्रीने सांगता येते: ‘कॉलेजवाल्यांनी मारली.’ प्रत्येक व्यवस्थेला दोष ठेवायला एक जागा लागते. आम्ही त्यासाठी विद्यापीठ बांधले आहे. इतर जिल्ह्यांकडे एवढे भव्य ठिकाण नाही.

सरकारनेही आपल्या परीने तुलनेचा त्रास वाचवला आहे. पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्य असावा, असे राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 मध्येच सुचवले होते; इतक्या जुन्या सूचनेला हात लावून तिचे पुरातत्त्वीय मूल्य कोण कमी करील? फिरत्या दवाखान्याची गाडीही आहे, 1962 हा नंबर फिरवला की येते. केंद्राचा हिशेब लाख जनावरांमागे एका गाडीचा, गाडीत एक डॉक्टर, एक सहायक आणि एक चालक. आपली म्हैस लाखात एक आहे असे वाटणाऱ्या मालकाला याहून मोठा सन्मान कोणता?

मोजमापाचे आम्हाला वावडे आहे असे मात्र कोणी समजू नये. 20 जुलै 2020 रोजी, हरेलीच्या सणाला, छत्तीसगडात गोधन न्याय योजना सुरू झाली आणि शेण दोन रुपये किलोने विकत घेतले जाऊ लागले. दोन वर्षांनी गोमूत्रही चार रुपये लिटर झाले. तेव्हा गोठाण्यांवर काट्यावर शेण तोलून घेत, नोंदवहीत आकडा चढे. म्हणजे जनावरातून जे बाहेर पडते त्याचे वजन झाले, आत जे टोचले जाते त्याचे नाव कोणी लिहिले नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे जुने लोक चेष्टेने म्हणत. आम्ही पखालीला हमीभाव दिला.

कोत्या मनाचे लोक इथे मैत्रीबागेचे उदाहरण देतात. 1972 मध्ये सोव्हिएत रशियाच्या मैत्रीखातर कारखान्याने उभारलेल्या या प्राणिसंग्रहालयात पांढरे वाघ आहेत, आणि प्राणिसंग्रहालय म्हटले की नियमाप्रमाणे पशुवैद्यकाची सोय ठेवावी लागते. वाघाला डॉक्टर आणि म्हशीला पिशवीवाला, हा अन्याय नव्हे का? नव्हे. वाघ दूध देत नाही. त्याला काय टोचले याच्याशी आपला संबंध फक्त तिकिटापुरता. म्हशीला जे टोचले जाते ते मात्र सकाळी सहाच्या आत आपल्या दारात पोहोचते, म्हणजे या उपचारात गिऱ्हाईक बरोबरीचे भागीदार आहे. पान्हा सोडण्यासाठी द्यायच्या, जनावराला अपाय करणाऱ्या इंजेक्शनांना प्राण्यांवरील क्रौर्य रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या 12 व्या कलमात दोन वर्षांपर्यंतची कैद सांगितली आहे. पण पान्हा हा आई आणि वासरामधला खासगी मामला. कायद्याने त्यात का पडावे? तसेच प्रतिजैविकाचे. ते दिल्यावर ठरलेले दिवस दूध विकू नये, असे बाटलीवर बारीक अक्षरात छापलेले असते. पिशवीतल्या बाटलीचे लेबल बहुधा सुटलेले असते, त्यामुळे वाचण्याचाही प्रश्न येत नाही.

सेक्टरांतल्या काही गृहिणींची मात्र तक्रार आहे की हल्ली विरजण लागत नाही. त्या हवेला दोष देतात, विरजणाला देतात, सुनेलाही देतात. त्यांनी दूधवाल्याला एवढेच विचारून पाहावे: म्हैस आजारी होती का, आणि टोचले कोणी? प्रतिजैविक उतरलेल्या दुधात दह्याचे जंतू वाढत नाहीत. दूध उकळून घेतले तर ब्रुसेलोसिसचे जंतू मरतात. बहुतेक प्रतिजैविके उकळीला दाद देत नाहीत.