फक्त बागकामाविषयी बोलावे

गच्चीत चार कुंड्या मांडलेल्या माणसांचा व्हॉट्सॲप ग्रुप असला की त्याला एक ॲडमिनकाका असतातच. साठी उलटलेली, पेन्शन पाटबंधारे खात्याची नाहीतर बँकेची, आणि डीपीला ब्रह्मकमळ. हे ब्रह्मकमळ त्यांच्या स्वतःच्या कुंडीतलं, रात्री जागून टिपलेलं. २०२४ची लोकसभेची आचारसंहिता लागली आणि एका सदस्याने भर ग्रुपवर विचारलं, "काका, डीपी झाकताय ना?" काकांनी शांतपणे खुलासा टाकला, की आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मुळात कमळच नाही, निवडुंगाच्या कुळातलं फूल आहे. त्यावर दुसऱ्या बाजूने विचारणा आली, "म्हणजे कमळाला तुम्ही निवडुंग म्हणताय?" रात्री डीपीवर कोथिंबीर आली.

ग्रुपचा नियम सरळ आहे. इथे फक्त बागकामाविषयी बोलावे. राजकारण, धर्म, जात, जाहिरात आणि सुप्रभात यांना मनाई. सुप्रभातवर बंदी आली म्हणून काही जण त्याच दिवशी लेफ्ट झाले. राजकारणावरच्या बंदीला मात्र एकानेही हरकत घेतली नाही. कारण आपण बोलतो ती वस्तुस्थिती असते. राजकारण समोरचा करतो.

काकांची खरी अडचण वेगळीच आहे. या देशात बाग आणि निवडणूक एकाच रोपवाटिकेतून आल्यात. तामिळनाडूत दोन पानं, बंगालात गवतावरची दोन फुलं, आणि कमळाचं वर आलंच. अपक्षांसाठी आयोगाची मुक्त चिन्हांची यादी असते, ती कधी बघा: ढोबळी मिरची, फुलकोबी, भेंडी, आलं, फणस, नारळाची बाग. काकांनी ही यादी डाऊनलोड करून ठेवली आहे. विधानसभेच्या वेळी एका ताईंनी हौसेने पहिल्या भेंडीचा फोटो टाकला. काकांनी तो आधी यादीशी ताडून पाहिला आणि मग ताईंना पर्सनलवर विचारलं, "ताई, आपल्या मतदारसंघात कोणी भेंडीवर उभं नाही ना? उगाच गैरसमज नको." ताईंनी अजून उत्तर दिलेलं नाही.

कांद्याचं प्रकरण तर त्याहून अवघड. २०२४ च्या सुरुवातीला एका दादांनी रंगाच्या जुन्या बादलीत लावलेल्या कांद्याचा फोटो टाकला. खाली कृती: शेणखत आणि कोकोपीट निम्मं निम्मं, तळाला भोकं, पाणी बेताचं. वा, सुंदर, मस्त झालं. मग कोणीतरी लिहिलं, "आता निर्यात करा!" डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती, त्यामुळे नाशिककडच्या एका सदस्याला हा विनोद झोंबला. "आमचा ट्रॅक्टर बाजार समितीत उभा आहे, तुम्ही बादल्या सजवा," असं ते म्हणाले. पाठोपाठ "सत्तर वर्षं काय केलं?" आलं. ते आलं नसतं तरच नवल. काकांनी घाईने टाइप केलं, "कृपया कांद्याच्या लागवडीपुरते बोलावे." नाशिककर म्हणाले, "लागवडीचंच बोलतोय काका. भावच नाही मिळाला तर लावू कशाला?"

काका निरुत्तर झाले, आणि माझ्या मते त्यांनी निरुत्तर होणंच योग्य होतं. त्यांनी 'सत्तर वर्षं' तेवढी पुसली, ट्रॅक्टर राहू दिला. बंदी पुढे मे महिन्यात, निवडणूक चालू असतानाच उठली. पण ही बातमी ग्रुपवर टाकायला मनाई होती.

दुसऱ्याचा मेसेज पुसायचा अधिकार ॲडमिनला २०२२ मध्ये मिळाला. त्याआधी काकांच्या हाती जोडलेल्या हातांची इमोजी सोडली तर काही नव्हतं. पण पुसल्यावरही 'ॲडमिनने डिलीट केला' अशी पाटी मागे राहते, आणि लगेच खाली रांग लागते: "काय होतं?" "माझ्याकडे आहे, पर्सनलवर पाठवतो." जो मेसेज एरवी चौघांनी वाचला असता तो डिलीट झाल्याने सगळ्यांकडे पोहोचतो. शिवाय राजकारण पुसायचं तर आधी ते पूर्ण वाचावं लागतं, व्हिडिओ असेल तर शेवटपर्यंत बघावा लागतो. त्यामुळे आज सगळ्या पक्षांच्या प्रचाराची चौफेर माहिती ग्रुपात एकट्या काकांनाच आहे. त्यांच्या मोगऱ्यावर मिलीबग पडलीय, तिकडे बघायला त्यांना वेळ नाही.

भांडणारांना ते पर्सनलवर समजावतात. मजकूर ठरलेला: "आपले विचार मला वैयक्तिकरीत्या पटतात, पण ग्रुपवर नको." हे दोन्ही बाजूंना जातं, फक्त नाव बदलून. एकदा नाव बदलायचं राहिलं आणि कट्टर विरोधकाच्या नावाने आलेली शाबासकी भलत्याच दादांनी वाचली. काका कोणाचे, हे तेव्हापासून ग्रुपला कळेनासं झालंय. हे त्यांना विकलेले म्हणतात, ते त्यांना घाबरलेले म्हणतात. कायद्याची भीती म्हणाल तर तीही फारशी उरलेली नाही. सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय. त्या बातमीचं कात्रण काकांच्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला आहे. तरी मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठला ते ग्रुप लॉक करतात.

काकांचा एक निवाडा मात्र मला मनापासून आवडतो. कोपऱ्यावरचं जुनं झाड रस्त्यासाठी तोडायचं ठरलं, खोडावर महापालिकेची नोटीस चिकटली आणि ग्रुप पेटला. काकांनी लिहिलं, "झाड तोडणे हा विषय बागकामात बसतो. तोडणाऱ्याचा पक्ष बसत नाही." शिवाय १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा काय म्हणतो आणि हरकत कुठे नोंदवायची, तेही टाकलं. तासाभरात पक्ष आलाच, पण तोवर काही हरकती गेल्या होत्या.

लोक इथेच येऊन का भांडतात, याचं मला नवल वाटत नाही. दुसऱ्या मताचा माणूस आता भेटतो कुठे? नात्यातल्या ग्रुपवरून तो मागच्याच दिवाळीत बाहेर पडलाय, शाळूसोबत्यांच्या ग्रुपची दोन शकलं झालीत. मिलीबग पक्ष बघत नाही, म्हणून कुंड्यांच्या ग्रुपात तो अजून सापडतो. मग कोण सोडतंय! काकांनी काढलेल्या एका गृहस्थांनी तर 'बागप्रेमी मुक्त चर्चा' नावाचा वेगळा ग्रुपच काढला. त्यावर आजवर एका रोपाचा फोटो आलेला नाही. आणि अलीकडे तिथेही नियम लागलाय: कृपया वैयक्तिक टीका टाळावी, हुकुमावरून, ॲडमिन.

गेल्या पावसाळ्यात काका थकले. "आता नव्या कोणाकडे द्या," असं त्यांनी जाहीर केलं. सगळ्यांनी आभार मानले, फुलांच्या इमोजी आल्या, भलं मोठं मानपत्रही आलं. मग लोकशाही पद्धतीने काकांनी पोल टाकला: नवा ॲडमिन कोण? संध्याकाळपर्यंत दोन पॅनेल पडली. रात्री एका पॅनेलने जाहीरनामा काढला, त्यात मोफत गांडूळखत होतं. दुसऱ्याने गांडूळखताचा हिशोब मागितला. साडेदहाला काकांनी पोल डिलीट केला आणि ग्रुप लॉक केला. सध्या काकाच ॲडमिन आहेत.